सूर छेडल्यानंतरचे काम : जेफ बेकची गिटार

तंतकार

गिटारवादकांचा विषय निघाला की चर्चा थोड्याच वेळात वेगावर येऊन ठेपते. कोण सेकंदाला किती स्वर वाजवतो, कोणाची बोटे पडद्यांवर अधिक चपळाईने फिरतात याचा हिशेब सुरू होतो, आणि तयारी म्हणजेच प्रभुत्व हे नकळत गृहीत धरले जाते. गाण्याच्या बाबतीत आपण सहसा असे करत नाही. तानेला आपण दाद देतो, पण गायकाची पारख करताना तो षड्ज कसा लावतो, एका स्वरावरून दुसऱ्यावर कोणत्या वाटेने जातो आणि कुठे थांबतो हे पाहतो. हीच कसोटी इलेक्ट्रिक गिटारला लावायची ठरवली, तर माझ्या मते जेफ बेकचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते.

त्याला न ऐकलेल्यांसाठी थोडी ओळख. त्याचा जन्म २४ जून १९४४ रोजी इंग्लंडमधील वॉलिंग्टन येथे झाला आणि १० जानेवारी २०२३ रोजी मेंदूज्वराने त्याचे निधन झाले. १९६५ मध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टनने 'यार्डबर्ड्स' हा रॉक गट सोडला, तेव्हा जिमी पेज या दुसऱ्या गिटारवादकाने सुचवल्यावरून त्याच्या जागी बेक आला. पुढे त्याने स्वतःचे गट काढले, मोडले, पुन्हा काढले. त्याला आठ ग्रॅमी पारितोषिके मिळाली आणि रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश दोनदा झाला. १९९२ मध्ये यार्डबर्ड्सचा सदस्य म्हणून आणि २००९ मध्ये एकट्याच्या नावावर. मानसन्मानांची यादी इथेच थांबवतो, कारण तिच्यातून त्याच्या वाजवण्याबद्दल काहीच कळत नाही.

आता मुद्द्याकडे येतो. छेडून वाजवल्या जाणाऱ्या प्रत्येक वाद्याची एक मूळ अडचण असते: तार छेडली त्याच क्षणापासून स्वर विझू लागतो. गजाने वाजणाऱ्या सारंगीला किंवा व्हायोलिनला ही अडचण नाही, गळ्याला आणि बासरीला तर नाहीच. इलेक्ट्रिक गिटारने ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली. तारेखाली बसवलेल्या चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात, तारेच्या कंपनाने त्यांत विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि अँप्लिफायर तो वाढवतो. अँप्लिफायर मर्यादेपलीकडे चढवला की मोठा आणि लहान आवाज यांतले अंतर कमी होते, त्यामुळे विझत चाललेला स्वरही कानाला भरलेलाच वाटतो. गिटारला अशी लांबलचक आस, म्हणजे छेडल्यावर टिकणारा नाद, मिळाली, आणि वादकापुढे नवा प्रश्न उभा राहिला की एवढ्या लांबलेल्या स्वराचे करायचे काय?

बहुतेकांनी डाव्या हाताने तार ताणून किंवा कंपित करून याचे उत्तर दिले. काहींनी स्वर लांबवण्याऐवजी त्या जागेत आणखी दहा स्वर भरले. बेकने हे काम उजव्या हाताकडे सोपवले, आणि तेही अशा थराला नेले की त्याचे वादन पाहताना छेडणे हे त्या हाताचे दुय्यम काम वाटू लागते. १९८०च्या दशकात त्याने पिक, म्हणजे तार छेडायची छोटी पट्टी, जवळपास कायमचे खाली ठेवले. अंगठ्याने आणि बोटांनी तार छेडायची, घोडीला, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या भागाला, जोडलेली लोखंडी दांडी त्याच हाताच्या बोटांत धरून ठेवायची आणि करंगळी आवाजाच्या बटणावर ठेवायची, अशी त्याची बैठक होती. म्हणजे स्वर कधी सुरू होणार, त्याचा आरंभ टोकदार असणार की मऊ, सुरू झाल्यावर तो किती मोठा होणार, वर चढणार की खाली झुकणार आणि कसा मावळणार, हे सगळे एकाच हातात आले. डावा हात बिचारा फक्त पत्ता सांगतो.

करंगळीचे काम ऐकायचे असेल तर १९७५च्या 'ब्लो बाय ब्लो' या तबकडीतली स्टीव्ही वंडरने रचलेली 'कॉज वुइव्ह एंडेड ॲज लव्हर्स' ही चीज ऐकावी. ती पिक सोडण्याच्या कितीतरी आधीची आहे, पण पुढचा बेक तिथे दिसू लागला आहे. आवाजाचे बटण बंद ठेवून तार छेडायची आणि मग बटण हळूहळू उघडायचे, म्हणजे छेडल्याचा आघात ऐकूच येत नाही आणि स्वर जणू श्वासातून उगवतो. ही चीज बेकने रॉय बुकॅनन या अमेरिकी गिटारवादकाला अर्पण केली आहे. बटणाचा हा उपयोग बुकॅननचीही ओळख होती, त्यामुळे ही अर्पणपत्रिका म्हणजे सुरांतच फेडलेले ऋण आहे.

दांडीचे काम ऐकायचे असेल तर १९८९च्या 'गिटार शॉप'मधली 'व्हेअर वेअर यू' ही चीज आहेच. तिच्याविषयी लिहायला माझ्यापेक्षा वाद्याची यंत्ररचना जाणणारे कोणी पुढे आले तर बरे होईल. मला एवढेच म्हणायचे आहे की आपल्याकडे ज्याला गायकी अंग म्हणतात, म्हणजे वाद्याने गळ्यासारखे गाणे, त्याच्या इतके जवळ इलेक्ट्रिक गिटारवर दुसरे कोणी गेलेले मला माहीत नाही.

चौपट

लेख वाचला आणि दोन्ही चिजा ऐकल्या. वाद्यातले मला फारसे कळत नाही, म्हणून प्रामाणिकपणे विचारतो. पहिली आवडली, दुसरी ऐकताना मात्र फार काही घडत नाही असे वाटले. ताल नाही, वेग नाही, मागे की-बोर्डचे लांब स्वर आणि पुढे एकेक स्वर. एडी व्हॅन हॅलेनने १९७८ मध्ये दोन्ही हातांची बोटे पडद्यांवर आपटून जे वाजवले, ते ऐकताक्षणी अवघड आहे हे माझ्यासारख्यालाही कळते. इथे अवघड नेमके काय आहे?

घोडी आणि खुंट्या

चौपट, प्रश्न अगदी योग्य आहे, कारण या चिजेतले अवघडपण कानापासून लपवण्यातच तिचे यश आहे. जरा विस्ताराने सांगतो.

बेकचे मुख्य वाद्य फेंडर स्ट्रॅटोकास्टर. हे वाद्य १९५४ मध्ये बाजारात आले तेव्हाच त्याच्या घोडीत एक युक्ती होती. ही घोडी पक्की बसवलेली नसते, ती किंचित डोलू शकते. एका बाजूने सहा तारा तिला पुढे ओढतात. नेहमीच्या जाडीच्या सहा तारांचा एकूण ताण चाळीस किलोंहून अधिक भरतो. वाद्याच्या पाठीमागे कोरलेल्या पोकळीत स्प्रिंगा असतात, त्या घोडीला उलट दिशेने ओढून धरतात. या दोन ओढींच्या तोलावर घोडी उभी असते. दांडी दाबली की घोडी पुढे कलते, तारा सैल पडतात आणि सगळे स्वर खाली येतात. दांडी सोडली की घोडी पुन्हा तोलावर येते. बहुतेक वादक स्वराला थोडी थरथर देण्यापुरती ती वापरतात. साठ-सत्तरच्या दशकांत काहींनी ती आरडाओरड करायला वापरली, तीही आपल्या जागी ठीकच.

बेक घोडी लाकडापासून किंचित वर तरंगती ठेवत असे. त्यामुळे दांडी दाबून स्वर उतरवता येतो, तसा ती वर ओढून चढवताही येतो. ऐकायला सोपे वाटते, पण यात तीन संकटे आहेत. पहिले असे की दांडीला पडदे नसतात. ती किती दाबली म्हणजे अर्धा स्वर उतरेल याची कुठेही खूण नाही. ते फक्त कानाला कळते. दुसरे असे की दांडी तेवढीच हलवली तरी प्रत्येक तार वेगवेगळ्या प्रमाणात उतरते किंवा चढते, त्यामुळे एका तारेवर हाताला झालेली सवय दुसरीवर कामाला येत नाही. तिसरे संकट म्हणजे परत येण्याचे. तारा मानेच्या टोकाशी नट नावाच्या पट्टीच्या खाचांतून सरकतात, तिथे त्या जराशा अडकल्या तरी दांडी सोडल्यावर वाद्य बेसूर राहते. म्हणून बेकच्या स्ट्रॅटोकास्टरवर रोलर नट असे, ज्यात तारा बारीक चाकांवरून सरकतात. तरंगत्या घोडीचा लहरीपणा इथेच संपत नाही. डाव्या हाताने एक तार ताणली तर घोडी पुढे ओढली जाऊन बाकीच्या पाच किंचित उतरतात, आणि वाजवताना एखादी तार तुटली तर उरलेल्या सगळ्या चढतात. सांगायचे एवढेच की अशा वाद्यावर स्थिर सूर राखणे हेच मुळात एक काम आहे.

आता 'व्हेअर वेअर यू'. तारेवर ठरावीक बिंदूंना बोट न दाबता नुसता स्पर्श करून छेडले, तर तारेचा मूळ स्वर दबतो आणि तिच्यात दडलेला वरचा स्वर घंटेसारखा वाजतो. याला हार्मोनिक म्हणतात. तंबोऱ्यात गांधार आपोआप ऐकू येतो तो ज्या नियमाने, तोच नियम इथेही आहे. बाराव्या पडद्यावर तारेचा अर्धा भाग, सातव्यावर एक तृतीयांश, पाचव्यावर एक चतुर्थांश, असे हे बिंदू तारेच्या भागाकारावर ठरलेले असतात. म्हणजे या घंटांमध्ये सप्तकातले सगळे स्वर सहज हाताशी नसतात. बेकने या चिजेची धून मुख्यतः घंटांवर वाजवली आणि जे स्वर घंटांत नाहीत ते दांडीने तयार केले. बऱ्याच ठिकाणी तो आधी दांडी दाबतो, मग घंटा छेडतो आणि मग दांडी सोडत स्वर हव्या त्या जागी आणतो. म्हणजे छेडताना जो स्वर निघतो तो धुनेत नाहीच. धुनेतला स्वर छेडून झाल्यावर जन्माला येतो. तुम्हाला 'एकेक स्वर' ऐकू आला, त्यातल्या प्रत्येकामागे भागाकार, अंदाज आणि दुरुस्ती अशी तीन कामे झालेली आहेत, आणि तिन्ही कामांना मिळून वेळ एका श्वासाचा.

व्हॅन हॅलेनचा वेग अवघड आहेच. पण त्याची बोटे जिथे पडतात तिथे धातूचा पडदा त्यांचा सूर सांभाळतो. बेकला सांभाळणारे तिथे कोणी नव्हते.

मंद्रसाधना

यंत्ररचनेचा प्रतिसाद फार आवडला. मूळ लेखातल्या 'गायकी अंग' या शब्दाला मात्र माझी हरकत आहे, आणि ती नुसत्या शब्दापुरती नाही.

आपल्याकडे हा शब्द सतारीच्या संदर्भात उस्ताद विलायत खाँ यांच्यामुळे रूढ झाला. त्यांनी तार खेचून मिंडेत एका आघातावर अनेक स्वर गुंफले आणि त्यासाठी सतारीच्या बांधणीतही बदल करून घेतले. पण त्या मिंडेला रागाचे शासन होते. दरबारीतला गांधार कोमल आहे एवढे सांगून भागत नाही. तो किती आंदोलित व्हावा, कुठून यावा आणि कुठे टेकावा हे ठरलेले असते. मिंड तिथे सजावट म्हणून येत नाही, ती रागाच्या व्याकरणाचा भाग आहे. बेकच्या स्वरांखाली पाश्चात्त्य स्वरसंगती आहे. कॉर्ड, म्हणजे खाली एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट, बदलला की त्याच स्वराचा अर्थ बदलतो, आणि त्याचे झुकणे, घसरणे त्या संगतीच्या सोयीने येते. माणसाच्या आवाजाशी साम्य आहे हे मान्य. पण माणसाचा आवाज म्हणजे गायकी नव्हे. त्याच्यावर ब्लूज गायकांचा आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतल्या गॉस्पेल, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगायनाचा ठसा अधिक दिसतो. त्याला आपल्या शब्दांत बसवताना आपण त्याचे मूळ घर पुसून टाकत नाही ना, एवढीच शंका आहे.

तंतकार

मंद्रसाधना, तुमची हरकत बरीचशी मान्य आहे. रागव्याकरणाच्या अर्थाने त्याला गायकी अंग म्हणणे चुकीचेच ठरेल. मी तो शब्द वापरला तो वाद्याने गळ्याचा माग काढण्याच्या अर्थाने, आणि तो माग बेकने कोणत्या गळ्यांचा काढला हे पाहिले तर उत्तर तुमच्या म्हणण्यापेक्षा थोडे गुंतागुंतीचे निघते.

'व्हेअर वेअर यू'मागे बल्गेरियातील स्त्रियांच्या समूहगायनाच्या ध्वनिमुद्रणांची प्रेरणा होती. ब्लूजशी त्या गाण्याचा संबंध नाही. त्या गायिकांचा ताठ, सरळ लागणारा आवाज आणि स्वराच्या शेवटी अचानक येणारी उसळी लक्षात घेऊन ती चीज पुन्हा ऐकली, तर दांडीचे काही झटके कुठून आले ते कळते. २०१० मध्ये त्याने पुचिनीच्या ऑपेरातली 'नेसुन दॉर्मा' वाद्यवृंदाबरोबर वाजवली, तिथे समोर पुरुषाचा तार सप्तकातला गळा होता. (या वाजवण्याला ग्रॅमी मिळाले, पण मला ते जरा भव्यतेच्या आहारी गेलेले वाटते. एवढ्या मोठ्या वाद्यवृंदाच्या लाटेवर त्याचा बारीक कशिदा दिसेनासा होतो.)

आणि तिसरे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. नितीन साहनी यांच्या १९९९च्या 'बियाँड स्किन'मध्ये 'नादिया' नावाची रचना आहे आणि तिच्यात स्वाती नाटेकर यांचा आवाज आहे. बेकने २००१च्या 'यू हॅड इट कमिंग'मध्ये ही रचना गिटारवर घेतली. दोन्ही ध्वनिमुद्रणे पाठोपाठ ऐकावीत अशी माझी विनंती आहे. गिटारवर एखादे गाणे उतरवताना वादक सहसा मुख्य स्वर घेतात आणि हरकती, मुरक्या, कण सोडून देतात, कारण पडद्यांच्या वाद्यावर त्या बसत नाहीत. बेकने त्या सोडल्या नाहीत. गायिकेने एका अक्षरावर घेतलेली मुरकी तो बोटांनी अर्धी आणि दांडीने अर्धी अशी वाटून घेतो, आणि सांधा कुठे आहे ते मला अजून ओळखता आलेले नाही. त्याला राग माहीत नव्हता असे म्हणा, मी वाद घालणार नाही. पण त्याने गळा ऐकला होता, आणि जसा ऐकला तसा मांडायचा प्रयत्न केला होता.

जुनी तबकडी

'नादिया'चा उल्लेख झालाच आहे, तर पस्तीस वर्षे मागे जाऊन एक गोष्ट जोडतो.

१९६५ मध्ये यार्डबर्ड्स 'हार्ट फुल ऑफ सोल' हे गाणे ध्वनिमुद्रित करत होते. त्यातल्या मुख्य स्वरावलीसाठी सतार हवी असे ठरले आणि स्टुडिओत सतारवादकाला बोलावून ती वाजवूनही पाहिली. पण रॉक गटाच्या गदारोळात सतार उठून दिसेना. तेव्हा बेकने गिटारला फझ पेडल जोडून तीच स्वरावली वाजवली. फझ म्हणजे आवाज मुद्दाम फाडून टाकणारी पेटी. तिच्यामुळे गिटारला सतारीच्या जवारीसारखा करकरीत नाद आला, आणि तेच ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले. पुढल्या दोन-तीन वर्षांत पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात सतारीची साथच आली. इथे मात्र सतार बाजूला ठेवून तिची सावली गिटारवर पाडली गेली. वीस वर्षांच्या मुलाला सतार शिकायला वेळ नव्हता, म्हणून तिच्यातले त्याला जे ऐकू आले तेवढे त्याने उचलले. मंद्रसाधना यांना हे वरवरचे वाटेल, आणि १९६५पुरते ते वरवरचे होतेही. पण कानाने उचलायचे आणि मग आपल्या वाद्यात त्याची सोय शोधायची, ही त्याची पद्धत तेव्हापासूनची आहे.

१९६६च्या 'शेप्स ऑफ थिंग्ज'मध्ये त्याने अँप्लिफायरमधून परत येणारी घरघर, म्हणजे फीडबॅक, स्वरांत बसवली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात 'बेक्स बोलेरो' मुद्रित झाले, त्यात जिमी पेज, जॉन पॉल जोन्स, निकी हॉपकिन्स आणि कीथ मून हे त्याच्यासोबत होते. त्यानंतर त्याचा स्वतःचा गट आला, गायक रॉड स्टुअर्ट, आणि १९६८ची 'ट्रूथ' ही तबकडी. या काळावर बरेच लिहिले गेले आहे म्हणून तो इथे सोडून देतो.

मला महत्त्वाची वाटते ती एक छोटी, काहीशी गमतीची गोष्ट. १९६७ मध्ये निर्मात्याच्या आग्रहाखातर बेकने 'हाय हो सिल्व्हर लायनिंग' हे गाणे स्वतः गायले. ते ब्रिटनमध्ये चांगलेच चालले, इतके की पुढे अनेक दशके लोक ते सामूहिकरीत्या गात राहिले, आणि बेकला ते आयुष्यभर नकोसे वाटत राहिले. स्वतःचा गळा त्याला पसंत नव्हता. रॉड स्टुअर्टसारखा गायक त्याच्याकडे आला आणि १९६९ मध्ये तोही निघून गेला. १९७५च्या 'ब्लो बाय ब्लो'मध्ये गायकच नाही. निर्माता जॉर्ज मार्टिन, की-बोर्डवर मॅक्स मिडलटन, आणि गाण्याच्या जागी गिटार. शब्दांशिवायची ही तबकडी अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचली. जॉन मॅकलॉक्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्राने शब्दांविना काय करता येते हे दाखवून दिले होते आणि बेकवर त्याचा परिणाम उघड आहे, पण मॅकलॉक्लिनचा ओघ त्याने घेतला नाही. तो ओघ त्याच्याकडे नव्हता असेही म्हणता येईल. पुढच्या 'वायर्ड'मध्ये त्याच महाविष्णूतला यान हॅमर सिंथेसायझरवर आहे. हॅमर पट्टीवरच्या चाकाने स्वर वाकवत असे, आणि गिटारची दांडी व सिंथेसायझरचे चाक यांची ती जुगलबंदी ऐकताना कोण कोणाची नक्कल करतो आहे हे कळेनासे होते.

सहावी तार

मी हौशी वादक आहे. या चर्चेनंतर आठवडाभर पिक न वापरता वाजवून पाहिले, त्याचा अनुभव लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे आवाज लहान झाला आणि गोल झाला. पिकचा 'टक्' असा आघात गेला आणि त्याबरोबर माझा अर्धा आत्मविश्वासही गेला, कारण माझ्या वाजवण्यात लय होती ती बरीचशी त्या आघातातूनच येत होती हे तेव्हा लक्षात आले. दुसरी गोष्ट, अंगठ्याने तार वरून दाबून छेडली तर एक नाद, तर्जनीने खालून उचलून सोडली तर दुसरा. तार उचलून सोडल्यावर ती पडद्यांवर आपटते आणि फटकारा बसतो. बेकच्या वादनात मधूनच चाबूक ओढल्यासारखा जो स्वर येतो, तो असाच येत असावा. तिसरी गोष्ट म्हणजे दांडी बोटांत धरूनच छेडायचे ठरवले तर हात अवघडून जातो. माझी करंगळी बटणापर्यंत पोहोचते, पण बटण फिरवायच्या क्षणी दांडी हलते आणि स्वर गडगडतो. आठवडाभरात मला एकही चीज धड वाजवता आली नाही. घरातल्यांनी गिटार बिघडली आहे का असे दोनदा विचारले.

एक प्रश्न आहे. 'एंजल (फूटस्टेप्स)' वाजवताना तो उजव्या हातात काचेची नळी धरून पडदे संपतात त्याच्याही पुढे, पिकअपच्या, म्हणजे तारांखालच्या चुंबकांच्या, वर तारांना टेकवतो. तिथे तर खुणेला काहीच नाही. तो सूर कसा शोधत असेल?

घोडी आणि खुंट्या

सहावी तार, तिथे खुणा नाहीतच. शेवटच्या पडद्याच्या पुढे तार जितकी आखूड होत जाते तितक्या दोन स्वरांमधल्या जागा अरुंद होत जातात, म्हणजे बारीकशा चुकीनेही सूर ढळतो. गजाची वाद्ये वाजवणारे पडद्यांशिवायच जगतात, पण त्यांच्या बोटांना वर्षानुवर्षे मोजून पाठ झालेली अंतरे असतात. इथे हात उलटा, जागा परकी आणि नळी गुळगुळीत. तो नळी सरळ आणून ठेवत नाही, हलकेच टेकवून लगेच उचलतो. त्यामुळे घसरल्याचा आवाज न येता सुटे स्वर येतात. चूक झाली तर घसरून दुरुस्त करण्याचीही सोय त्याने ठेवलेली नाही.

आणि हात अवघडत असेल तर दांडी किती घट्ट बसवली आहे ते पाहा. ती सैल असेल तर हाताखालून निसटते आणि फार घट्ट असेल तर बोटांत येत नाही. बाकी घरातल्यांच्या प्रश्नावर माझ्याकडे उपाय नाही.

उलटा ठेका

इतके कौतुक झाल्यावर थोडे विरुद्ध बोलणारा कोणी असावा, म्हणून लिहितो. मी बेकचा चाहता आहे, पण वादक मोठा म्हणून संगीतकारही मोठा, असे होत नाही. त्याच्या गाजलेल्या चिजांपैकी किती त्याने स्वतः एकट्याने रचल्या? स्टीव्ही वंडर, नितीन साहनी, पुचिनी, बीटल्सचे 'अ डे इन द लाइफ'. बहुतेक वेळा सामग्री दुसऱ्याची आहे. १९८५ची 'फ्लॅश' ही तबकडी त्या काळच्या चकचकीत ध्वनीत इतकी बुडाली आहे की त्यात बेक शोधावा लागतो. मधली अनेक वर्षे तो तबकड्यांपेक्षा जुन्या मोटारी दुरुस्त करण्यातच अधिक रमलेला होता. एवढी क्षमता असलेल्या माणसाकडून याहून सलग, याहून बांधीव काम अपेक्षित होते, असे मला राहून राहून वाटते.

तंतकार

'फ्लॅश'बद्दल तुमच्याशी भांडणार नाही. त्याच तबकडीतल्या 'एस्केप'ला ग्रॅमी मिळाले हे लक्षात घेतले की पारितोषिकांची यादी मी सुरुवातीलाच का आवरती घेतली ते कळेल.

रचनांबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. बंदिश स्वतः बांधली नाही म्हणून आपण गायकाला कमी लेखत नाही. पिढ्यान्पिढ्या गायली गेलेली चीज तो कशी मांडतो ते पाहतो. बेककडे त्या नजरेने पाहिले तर दुसऱ्यांच्या रचना ही उणीव उरत नाही, तेच त्याचे क्षेत्र ठरते. १९९३ मध्ये त्याने 'क्रेझी लेग्ज' ही संपूर्ण तबकडी क्लिफ गॅलप या आपल्या आवडत्या गिटारवादकाच्या वादनाला वाहिली. गॅलप पन्नासच्या दशकात जीन व्हिन्सेंटच्या साथीला वाजवत असे. बेकने त्याच्या जागा जवळपास जशाच्या तशा वाजवल्या. स्वतःची सगळी हत्यारे म्यान करून, ग्रेच बनावटीची गिटार घेऊन. ज्याला फक्त स्वतःला मिरवायचे असते तो कीर्तीच्या शिखरावर असताना असले काम हाती घेत नाही.

सलगपणाबद्दल तुम्ही म्हणता ते खरे आहे. मोटारींबद्दलही.

चौपट

सर्वांच्या सांगण्यावरून २००७ मध्ये लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबमध्ये झालेल्या कार्यक्रमांची चित्रफीत पाहिली. ड्रमवर व्हिनी कोलायुटा, बासवर विशीतली टॅल विल्केनफेल्ड, की-बोर्डवर जेसन रेबेलो. तंतकार यांनी उजव्या हाताचे काम सांगितले होते, म्हणून डाव्या हाताकडे न बघता फक्त उजव्या हाताकडे पाहत बसलो.

'अ डे इन द लाइफ' हे गाणे मला शब्दांसकट पाठ आहे. बेक वाजवत असताना मी मनात शब्द म्हणत होतो, आणि एका ओळीला माझा शब्द आधी संपला. त्याचा स्वर अजून चालू होता, हात तारेवरून केव्हाच निघाला होता आणि फक्त करंगळी हलत होती. मी ती ओळ चार वेळा मागे नेऊन पाहिली. तंतकार, आता 'व्हेअर वेअर यू' पुन्हा ऐकतो आणि मग लिहितो.